एका माउलीच्या आठ खानेसुमाऱ्या

सरकारी दप्तराशी ज्याचे पोट बांधलेले असते, त्याला रकान्यांची सवय जडते. नाव, वय, नाते, व्यवसाय, उत्पन्न! मनुष्य समोर उभा राहिला की आमच्या मनात हे पाच रकाने आपोआप उघडतात. गेल्या वर्षी आमच्या मातोश्री मराठवाड्यातील गावाहून आमच्याकडे राहावयास आल्या, तेव्हा त्यांच्या औषधपाण्याच्या सवलतीसाठी आम्हांस कचेरीत कुटुंबाचे विवरणपत्र भरावे लागले. नात्यापुढे ‘आई’ लिहिले, व्यवसायापुढे ‘नाही’ लिहिले आणि शेवटच्या रकान्यात नियमाप्रमाणे ‘अवलंबित’ हा शब्द घातला. नियमाच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते. परंतु जिने चाळीस वर्षे निंदणी-खुरपणी केली, कापूस वेचला, आणि ज्या कापसाच्या पैशांवर आम्ही पदवीपर्यंत पोहोचलो, ती आमच्यावर अवलंबून आहे असे आम्ही आमच्याच सहीनिशी लिहून दिले होते. कागद वरिष्ठांच्या मेजावर गेला. आमच्या मनातून मात्र तो जाईना.

त्या अस्वस्थतेत आम्हांस बहिणाबाई चौधरी यांच्या आयुष्याचे स्मरण झाले. कवयित्री म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आधी शेतकऱ्याची लेक, शेतकऱ्याची सून आणि तीन मुलांची आई होत्या; आणि सरकारी दप्तराच्या दृष्टीने पाहिले तर तेवढ्याच होत्या. त्यांचा जन्म १८८० साली नागपंचमीस खानदेशात जळगावजवळच्या असोदे गावी झाला. सबंध हिंदुस्थानात एकाच वेळी झालेली पहिली खानेसुमारी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाली, तेव्हा त्या जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ च्या फेब्रुवारीत झाली आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्या निवर्तल्या. म्हणजे त्यांच्या आयुष्यात बरोबर आठ शिरगणत्या बसतात. आठ वेळा सरकारने खानदेशातील माणसे मोजली. त्या मोजणीत अशा बाईचे काय दिसत होते आणि काय निसटत होते, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील दशक खानदेशाला कठीण गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. १८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग हळूहळू गावोगावी शिरला. या प्लेगाने बहिणाबाईंच्या घरालाही सोडले नाही. ओंकार या मुलाला त्याने कायमचे अपंगत्व दिले. तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपान आणि काशी ही मुले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे त्या जगल्या, आणि ती चाळीस वर्षे घर आणि शेत यांतच गेली.

त्या काळच्या खानदेशी शेतकरीणीचा दिवस कसा असे? पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी ती जात्यावर बसे, कारण पिठाची गिरणी गावी येण्यास अद्याप पुष्कळ अवकाश होता. दादर दळायची, कळण्याची भाकरी थापायची, गुरांचे शेणपाणी करायचे आणि उजाडल्यावर शेत गाठायचे. पावसाळ्यात निंदणी, दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी, सुगीत कापणी, मळणी, उफणणी, आणि अखेरीस पऱ्हाट्या उपटून सरपणाची बेगमी. रात्री पुन्हा चूल. माहेरचा विसावा म्हणजे अखजीचा सण. यांतील एकाही कामाची मजुरी नव्हती, आणि म्हणूनच यांतील बहुतेक कामांस हिशेबात जागा नव्हती.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. दप्तरातली गोष्ट आहे. १९५१ च्या जनगणनेने देशातील माणसांचे तीन वर्ग केले: स्वावलंबी, कमावते अवलंबित आणि न कमावते अवलंबित. जी स्त्री घरचे रांधणे-वाढणे करते आणि जिला स्वतःचे उत्पन्न नाही, ती तिसऱ्या वर्गात पडे. १९६१ साली व्याख्या उदार झाली. हंगामाच्या बहुतांश काळात रोज तासाहून अधिक काम करणारी व्यक्तीही काम करणारी ठरली. १९७१ साली माणसाचे मुख्य काम कोणते एवढेच विचारले गेले. शेतकरीण घरकामाचेच नाव सांगणार, किंवा तिच्या वतीने घरधनी ते सांगणार! परिणाम असा झाला की, कागदोपत्री काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. एका दशकात देशातील निम्म्या कष्टकरी बायांनी विळा-खुरपे खाली ठेवले, असे कोणी म्हणेल काय? बदलला होता तो प्रश्न. पुढे १९८१ साली ‘सीमांतिक’ कामगारांचा वेगळा रकाना करून ही उणीव काही अंशी भरून काढण्यात आली.

जमिनीच्या दप्तराची कथा याहून निराळी नाही. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेस दिलेला हक्क मर्यादित होता. स्त्रीस मालमत्तेची पूर्ण मालकीण मानणारा वारसा कायदा १९५६ साली आला, तेव्हा बहिणाबाईंना जाऊन पाच वर्षे होत होती. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने सहदायाद करण्यास २००५ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९८६ साली चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले आणि पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या हाताने काही जमीन पत्नीच्या नावे करून द्यावी. गावेच्या गावे या कामी पुढे आली, ही आपल्या अलीकडील इतिहासातील अभिमानाची गोष्ट होय. परंतु सातबाऱ्यावर नाव चढण्यासाठी मोहीम काढावी लागावी, यातच सारे आले.

मग बहिणाबाईंचे आयुष्य आपणांस कळले कसे? याचे उत्तर एका वहीत आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काम करता करता लेवा गणबोलीत ओव्या रचीत आणि त्या वाऱ्यावर जात. शाळकरी सोपानने पाठ्यपुस्तकातील सावित्रीची गोष्ट आईला वाचून दाखविली आणि दुसऱ्या दिवशी आईने तिचे गाणे केले, असे सांगतात. मुलाने ते लिहून घेतले. पुढे स्वतः कवी झालेल्या सोपानदेवांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी अशी गाणी टिपून ठेविली. आईच्या पश्चात ती वही आचार्य अत्रे यांच्यापुढे गेली, त्यांनी तिचे मोल ओळखले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला या निरक्षर बाईंचे नाव देण्यात आले. आठ खानेसुमाऱ्यांना जे साधले नाही, ते एका मुलाच्या वहीने साधले.

प्रतिभा सर्वांस लाभत नाही, हे खरे. परंतु वही प्रत्येकाच्या घरी असते. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां मंडळींच्या किती माता शेतात झिजल्या! त्यांच्या आयुष्याचा एक कागद तरी आपल्यापैकी किती जणांपाशी आहे?

आम्ही स्वतः ते उशिरा केले. एका रविवारी वही घेऊन मातोश्रींजवळ बसलो. “हे काय लिहून ठेवायचं असतंय का?” असे म्हणून त्यांनी प्रथम हसण्यावारी नेले. मग हळूहळू सांगू लागल्या. १९७२ च्या दुष्काळात, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी आपल्या आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. रोज सकाळी मुकादम नाव पुकारी आणि त्या हात वर करीत. इतक्या वर्षांत ही हकीकत आम्ही कधी ऐकली नव्हती. कारण कधी विचारलीच नव्हती.

आमच्या दप्तरी मनाला लगेच एक गोष्ट सुचली. आईचे नाव काम करणारी म्हणून सरकारी कागदावर कधी चढले असेल, तर ते त्या हजेरीपटावर. तो कागद आता कोठे असणार? आम्ही वहीचे कोरे पान उघडले, वर तिचे नाव लिहिले आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ असे लिहून खाली सही केली.