दीड वर्षाची बोली, चार वर्षांची चाकरी

6 एप्रिल 1965 रोजी अमेरिकेतून ‘अर्ली बर्ड’ अवकाशात गेला. व्यापारी तत्त्वावर दूरसंचार सेवा देणारा हा पहिला भूस्थिर उपग्रह.

विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रहाची फेरी आणि पृथ्वीची गिरकी एकाच वेळात पूर्ण होते. त्यामुळे तो आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. अटलांटिक महासागरावरून त्याने अमेरिका आणि युरोप जोडले. एका वेळी 240 फोन, किंवा टीव्हीचं एकच चित्र. टीव्ही दाखवायचा तर फोन थांबवायचे!

चंद्र-सूर्याच्या ओढीने उपग्रह जागेवरून सरकतो. त्याला जागेवर आणायला इंधन लागतं. ते संपलं, की यंत्र धड असूनही नोकरी संपते.

अर्ली बर्डकडून दीड वर्षाचीच अपेक्षा होती. तो जवळजवळ चार वर्षं राबला. जानेवारी 1969 मध्ये त्याला विश्रांती दिली. पण माणूस चंद्रावर उतरण्याच्या तोंडावर अटलांटिकवरचा नवा उपग्रह बिघडला आणि या जुन्यालाच पुन्हा हाक मारावी लागली. ऑगस्टमध्ये तो परत बंद झाला. आजही तो मुकाट फिरतो आहे.

पुढे त्याच इंटेलसॅट संस्थेच्या उपग्रहांमार्फत आपल्या जुन्नर तालुक्यातलं आर्वीचं भूकेंद्र परदेशांशी जोडलं गेलं.

बचत गटात वय झालं म्हणून एखादीला बाजूला बसवण्याआधी एवढंच विचारा: तिचं इंधन संपलंय, की फक्त आपण ठरवलेली मुदत?