लुगड्याची गोधडी : घरगुती डागडुजीचा थोडासा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत थोरामोठ्यांच्या कार्याचा गौरव व्हावा, हे योग्यच आहे. परंतु ज्या कामाची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, ज्याला पगार नव्हता आणि ज्याच्यावाचून पिंगुळीतले, किंबहुना सबंध कोकणातले, एकही घर चालले नसते, अशा एका कामाविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले. ते काम म्हणजे फाटलेले शिवणे, विरलेले सांधणे आणि टाकाऊ चिंधीतून टिकाऊ वस्तू करणे. "ह्याला कसला आलाय इतिहास?" असे कोणी म्हणेल. पण भगिनींनो, राजांच्या लढायांइतकाच ह्या सुईदोऱ्याचाही इतिहास आहे, आणि तो पुष्कळ अधिक जुना आहे.

बौद्धांच्या विनयग्रंथांत एक सुंदर कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंद नावाच्या भिक्षूला पाचशे वस्त्रे दान केली. राजाला संशय आला की, एवढी वस्त्रे घेऊन हा संन्यासी करणार काय? त्याने आनंदाला विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटीन. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरच्या बैठका. त्यांचे पुढे पायपुसणे, पायपुसण्याचे फडके, आणि फडके अगदीच झिजले म्हणजे त्याच्या चिंध्या कुटून, चिखलात कालवून त्यांनी जमीन सारवू. हे ऐकून राजाचे समाधान झाले. त्याच ग्रंथांत असेही सांगितले आहे की, भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असावे आणि त्याची आखणी मगधातल्या भातशेतांच्या बांधांसारखी असावी. आपल्या कुणग्यांकडे पाहिले म्हणजे ती आखणी कशी असेल हे पिंगुळीच्या बाईला समजावून सांगावे लागणार नाही.

आनंदाने राजाला जी परंपरा सांगितली, तीच आपल्या घराघरांत लुगड्याच्या बाबतीत चालत आली. नऊवारी लुगडे म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. ते प्रथम सणावारी नेसावयाचे, मग रोजच्या वापराला काढावयाचे. मधे विरले की त्याला 'दंड' घालावयाचा, म्हणजे विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि दोन्हीकडची धड टोके एकमेकांना जोडायची. पुरुषांच्या धोतरांनाही असाच दंड घालीत. दंड घालूनही ते नेसवेना, म्हणजे त्याचे जुनेर होई. जुनेराच्या मऊ भागातून बाळाचे झबले, टोपडे, दुपटे, कुंची निघे. नव्या कापडाची खळ आणि कच्चा रंग बाळाच्या अंगाला टोचतो. शंभर वेळा धुतलेले जुनेर मात्र लोण्यासारखे मऊ असते. तान्ह्या बाळाला जुन्याचे अंगडे घालावे ह्या जुन्या चालीत, म्हणून, काटकसरीइतकेच शहाणपणही आहे. उरलेल्या भागाची गोधडी, गोधडी फाटली की तिचे बसकूर, आणि शेवटी चुलीशी धरायचे फडके किंवा सारवणाचे पोतेरे. आनंदाच्या यादीतला शेवटचा धंदा आणि आमच्या आज्यांचा शेवटचा धंदा एकच, शेणामातीची जमीन!

गोधडी शिवण्याचा हंगाम म्हणजे चैत्र-वैशाख. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एकदा मृग लागला की चार महिने कपडे धड वाळत नाहीत, आणि दमट पांघरुणाला कसर व बुरशी लागते. म्हणून पावसाआधी जुनी लुगडी स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, खळ्यात एकावर एक पसरावयाची, कडांवर दगड ठेवून ताणावयाची आणि कडेपासून आत मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. दोरा विकतचा असलाच पाहिजे असे नाही. लुगड्याच्याच काठातून उसवून काढलेले सूत पीळ देऊन पुष्कळ टिकते. टाके जितके जवळ, तितके थर एकजीव होतात आणि थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरते. हेच तत्त्व बंगालच्या कांथ्यात आणि बिहारच्या सुजनीत आहे. गोव्यापलीकडे, उत्तर कानडा जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. त्याही कडेपासून मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाची घडीदार 'फुले' लावतात. फुलावाचून गोधडी उघडी दिसते, असे त्या मानतात. गरिबीतही सौंदर्याची भूक माणसाला सोडीत नाही, ह्याचे ते बोलके उदाहरण होय.

आता आपल्या कोकणाकडे वळू. मुंबईची पहिली कापड गिरणी काढण्याचा उपक्रम कावसजी दावर ह्यांनी १८५४ मध्ये केला. त्यानंतर जसजशी गिरण्यांची धुराडी वाढली तसतसा रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण मुंबईला जाऊ लागला. आपला सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्याचा भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. पुरुष मुंबईच्या खोलीत आणि बायका गावात, अशी शेकडो संसारांची विभागणी झाली. आजही २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आहेत, ही त्या जुन्या विभागणीचीच खूण. ह्यातली विसंगती पाहा. घरचा धनी रोज कापडाचे तागेच्या तागे विणणाऱ्या साच्यावर उभा, आणि त्याची घरधनीण इकडे कंदिलाच्या उजेडात लुगड्याला दंड घालीत बसलेली. मनिऑर्डर आली की प्रथम वाण्याची उधारी, मग खंड, मग मुलांची फी. कापडाची पाळी शेवटची. जे सुईने वाचले, ते मनिऑर्डरीतच जमा झाल्यासारखे होते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ही जमा मांडलेली सापडणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही विद्या खेड्यापुरती राहिली नाही. कापडाची टंचाई आणि काळाबाजार वाढल्यामुळे सरकारने १९४३ मध्ये सुती कापड व सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. १९४८ च्या आरंभी ते नियंत्रण उठविण्यात आले, पण भाव भडकल्यामुळे त्याच वर्षी ते पुन्हा आणावे लागले. तिकडे विलायतेत १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशन होते. तेथील सरकारने १९४३ मध्ये जुन्यातूनच भागवा व सांधा, असा उपदेश करणारी पुस्तिका छापली. मधे विरलेली चादर उभी कापून तिच्या बाहेरच्या कडा आत आणून जोडाव्या, ही युक्ती त्या काळी तिकडच्या गृहिणींनी घरोघर केली. आपला दंडच तो, फक्त उभा! साहेबाच्या सरकारला जे छापून शिकवावे लागले, ते आपल्याकडच्या निरक्षर बाईला आईकडून मिळाले होते.

शिवण हे स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन होऊ शकते, हे ओळखणाऱ्यांत रमाबाई रानडे ह्यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले आणि तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामासारखे हातचे कामही शिकविण्यात आले. विधवा व परित्यक्ता भगिनींना त्यामुळे कोणाच्या दाराशी न जाता चार पैसे मिळविता आले. शिवणाचे यंत्र तोवर हिंदुस्थानात येऊन पोहोचले होते. सिंगर ह्यांनी अमेरिकेत त्याचे पेटंट १८५१ मध्ये घेतले होते आणि पुढे ते हप्त्याने विकावयाची प्रथा पाडली होती. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख ह्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या योजनांतून गावोगावच्या महिला मंडळांत बालवाडीबरोबर शिवणवर्गही उभे राहिले. आपल्यासारख्या मंडळांची वंशावळ शोधू गेल्यास तिचा एक धागा तेथे जाऊन पोहोचतो.

सांधून जपण्याची ही वृत्ती केवळ कापडापुरती नव्हे, हे पिंगुळीकरांना वेगळे सांगावयास नको. आपल्या गावच्या ठाकर बांधवांनी चित्रकथीची परंपरा पिढ्यानपिढ्या सांभाळली. रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावरची चित्रे पाठीला पाठ चिकटवून त्यांच्या पोथ्या करावयाच्या आणि वीणा, टाळ व हुडूक ह्यांच्या साथीने ती दाखवीत कथा गावयाची, अशी ही कला. तिच्याबरोबर कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्याही. कागद, चामडे, लाकूड, कापड ह्या साऱ्या नाशवंत वस्तू, त्यात आमचा पावसाळा. त्या टिकल्या त्या केवळ कोणीतरी वेळोवेळी उन्हे दाखविली, चिकटविले, शिवले, जपले म्हणून. श्री. परशुराम गंगावणे ह्यांनी २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्याचे संग्रहालय होणे आणि लुगड्याची गोधडी होणे, ह्या दोन्हींच्या मुळाशी एकच बुद्धी आहे : हाताशी आहे त्यातून करावयाचे, आणि जुने म्हणून टाकावयाचे नाही.

परंतु ह्या गोष्टीची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. आज ठिगळाच्या गोधड्या शहरात शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जातात, आणि जुन्या काटकसरीचे कौतुक होते. ते कौतुक ऐकताना हेही आठवावे की, कित्येक बायकांनी दंड घातला तो हौसेने नव्हे, दुसरे लुगडे नव्हते म्हणून. दिवसभर शेतात वाकून, रात्री मिणमिणत्या उजेडात सुईत दोरा ओवताना त्यांचे डोळे गेले. घरातील सर्वांचे शिवून झाले म्हणजे स्वतःचे शिवावयाचे, आणि ते बहुधा राहूनच जाई. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावायचे, ही म्हण ज्यांनी ठिगळे लावली त्यांनाच सुचू शकते. दारिद्र्याला सद्गुणाचे नाव देऊ नये. मात्र दारिद्र्यातही ज्यांनी कौशल्य कमावले, त्यांच्या कौशल्याला त्यांच्या नावाने मान द्यावा. संत गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) आयुष्यभर ठिगळांचीच गोधडी पांघरली आणि लोकांनी त्यांना 'गोधडे महाराज' म्हटले. पण ते हातात झाडू घेऊन सांगत ते हेच की, पोरांना शिकवा, कर्ज काढू नका. ठिगळ लाजिरवाणे नव्हे. अज्ञान आणि ऋण लाजिरवाणे.

आज परिस्थिती उलटली आहे. कपडे स्वस्त झाले, कपाटे भरली, आणि घराघरांतून सुईची डबी दिसेनाशी झाली. बटण तुटले म्हणून सदरा टाकून देणारी मुले आपण पाहतो. शिवाय पुष्कळसे कापड आता सुती राहिलेले नाही. पॉलिएस्टर हा धागा १९४१ मध्ये इंग्लंडात शोधला गेला. तो लवकर विरत नाही हे खरे, पण घाम शोषीत नाही, चुलीजवळ वितळून अंगाला चिकटतो, आणि मातीत टाकला तर वर्षानुवर्षे कुजत नाही. त्याचे ना धड पोतेरे होते ना दुपटे. जुने लुगडे शेवटी मातीला मिळे. आजचे टाकलेले कपडे वहाळात अडकून राहतात. श्रीमंत देशांनाही आता ह्याची जाणीव झाली आहे. फ्रान्समध्ये २०२३ पासून फाटका कपडा दुरुस्त करून घेणाऱ्यास ६ ते २५ युरोंची सवलत देण्यात येऊ लागली. आमच्या आजीला असे कोणी पैसे दिले असते तर ती खळखळून हसली असती.

तेव्हा ह्या विद्येचे चार मुख्य नियम येथे नोंदवून ठेवणे अवश्य वाटते. फाटके कपडे धुण्यापूर्वी शिवावे, कारण धुताना लहान भोकाचे मोठे भगदाड होते. ठिगळाचे कापड नवे असेल तर आधी भिजवून, वाळवून घ्यावे. नाहीतर ते मागाहून आटते आणि भोवतालचे जुने कापड ओढून फाडते. ठिगळाचा उभा धागा कपड्याच्या उभ्या धाग्याशी जुळवून लावावा. रफू करताना त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढलेला धागा वापरावा, आधी उभे दोरे भरून मग एक वर एक खाली असे आडवे विणावे, गाठ मारू नये, आणि वळणावर दोरा किंचित सैल सोडावा, म्हणजे धुतल्यावर जागा आखडत नाही.

हे लिहून झाले, पण टाका लिहून येत नाही. तो हाताने हाताला द्यावा लागतो. आपल्या वाडीवाडीतून सत्तर-ऐंशी वर्षांच्या ज्या भगिनी आहेत, त्यांच्या बोटांत ही विद्या अजून शिल्लक आहे, आणि ती त्यांच्याबरोबर जाण्यास फार वर्षे लागणार नाहीत. म्हणून एक सूचना मंडळापुढे ठेवते. येत्या वैशाखात प्रत्येक घरातून एक जुने सुती लुगडे किंवा साडी आणावी आणि एका खळ्यात सर्वांनी मिळून मंडळाची एक गोधडी शिवावी. ज्येष्ठ भगिनींनी शिकवावे, सुनांनी व मुलींनी शिकावे, आणि मुलग्यांनाही बसवावे. बटण लावावयास बाईचाच हात लागतो असे कोठे लिहिलेले नाही. शिवताना जुन्या टाक्यांची नावे व त्या शिकविणाऱ्यांची नावे एका वहीत उतरून घ्यावी. इतकी वर्षे ज्यांच्या कामाची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांची ती पहिली नोंद होईल, आणि ती आपल्याच मंडळाच्या दप्तरात राहील.