गोलंदाजांची सवलत

आम्ही वारज्यात राहावयास आलो त्याला आता बरीच वर्षे लोटली. मुठेकाठचे हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पाहता पाहता मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या. काही दिवसांपूर्वी आमच्या वसाहतीजवळ दारूचे दुकान निघणार अशी वार्ता पसरली, तेव्हा विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करीत शेजारचे एक सज्जन गृहस्थ दाराशी आले. आम्ही सही केली. कागदाची घडी घालता घालता ते सहज बोलून गेले, "तुम्ही सही कराल असं वाटलं नव्हतं. तुमच्यात चालतंच ना!"

बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच ते मनाला अधिक लागले. "तुमच्यात चालतं" हे तीन शतकांच्या आसपास वयाचे वाक्य आहे, आणि ते प्रथम उच्चारले ते शेजाऱ्यांनी नव्हे, सरकारने. त्याचा माग काढावा असे आम्हांस वाटले.

चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा मराठी राज्यात एकाएकी मोठा ख्रिस्ती समाज आला. सोबत माडाची ताडी काढणारे भंडारी आले, कोळी आले. पेशवे ब्राह्मण, मद्यपान हे त्यांच्या धर्मशास्त्राने महापातकांत गणलेले. पण कोकणातील माडी एका फर्मानाने आटणारी नव्हती. तेव्हा सरकारने जी वाट काढली ती फार बोलकी आहे. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी कामदार यांना मद्य वर्ज्य. भंडारी, कोळी आदींना मुभा. किती प्यावे याचा विचार त्या हुकुमात नव्हता. कोणी प्यावे, एवढाच होता.

खुद्द पुण्यात बंदी अधिक कडक होती. दारू गाळणे आणि विकणे या दोहोंनाही मनाई. तरीही तिला एक खिडकी होती, आणि ती आपल्यासाठी होती. पानशांच्या हाताखालील पेशव्यांच्या तोफखान्यात फिरंगी व ख्रिस्ती गोलंदाज चाकरीस होते. (गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा, आजच्या मुलांना चेंडूच आठवेल.) या मंडळींना स्वतःपुरती दारू गाळण्याची परवानगी दिली गेली, बाहेर विकावयाची मात्र नाही. पेशव्यांच्या रोजनिशींत याचे उल्लेख आहेत. सवलत ख्रिस्ती धर्माच्या आदरापोटी मिळाली असे मानण्याचे कारण नाही. तोफ नीट डागणारा माणूस हवा होता आणि तो दारूवाचून राहावयास तयार नव्हता, इतकाच तो व्यवहार.

त्याच सैन्यातील दों मिगेल द नोरोन्या या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये मंदिरासाठी जमीन दिली. क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च ते हेच. पुण्यातील आपल्या ख्रिस्तसभेचा पाया बारुदाच्या वासात घातला गेला, हे सणासुदीच्या भाषणांत आपण सांगतो. त्या बारुदासोबत भट्टीची परवानगीही आली होती, हे मात्र सांगत नाही.

पेशवाई गेली आणि आबकारीचा हेतू पालटला. इंग्रजांना दारूत पाप दिसेना, महसूल दिसू लागला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती भट्टी मोडून काढली, दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती दिला. ताडीवरील कर वाढला. ठाणे-कुलाबा भागात तर १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले साठवण्यावरही बंधन आले. आदिवासींचे ते अन्नही होते, याची तमा कोणी बाळगली नाही. गावची स्वस्त, सौम्य ताडी महाग झाली आणि सरकारमान्य जहाल दारू दुकानातून मिळू लागली. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी पालिकेला पत्र लिहिले, ते या पार्श्वभूमीवर. वारज्यातील आमच्या अर्जाचे ते पूर्वजच म्हणावे लागेल.

आणि हे ध्यानात घ्यावे की, ज्या १८७८ साली दारूची भट्टी सरकारजमा झाली त्याच साली बंदूकही झाली. लॉर्ड लिटनच्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. ज्या मुलुखात शिलेदार स्वतःचे घोडे आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई, तेथे हा अपमान होता. त्यातही युरोपीयांना सूट होती म्हणून तो अधिक झोंबला. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतूनच या कायद्याविरुद्ध ठराव होऊ लागले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतील कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह बंड केले. म्हणजे मडक्यावरचे कुलूप पैशासाठी आणि बंदुकीवरचे भीतीपोटी; किल्ली मात्र एकाच कमरेला, आणि सवलत पुन्हा माणसाची जात पाहून.

स्वराज्यात ही रीत मोडेल अशी आशा होती. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने दारूबंदीचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. त्याआधीच १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला होता. मोरारजी देसाई त्या वेळी गृहमंत्री होते. तो सर्वांसाठी होता, परंतु खिडक्या याही भिंतीला होत्या. सैन्याच्या खानावळी आणि कॅन्टीन यांना मुभा. परकीय नागरिकांना परवाने. आणि धर्मविधीसाठी लागणाऱ्या मद्यालाही अधिकृत परवानगीची तरतूद. मिस्साबलिदानाचा द्राक्षारस त्यामुळेच निर्वेध राहिला. फ्रामजी बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले तेव्हा १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनांच्या बाबतीतील काही भाग रद्द केला, सैनिकांची सवलत मात्र वैध ठरविली. आमच्या घरापासून खडकवासल्याची प्रबोधिनी दूर नाही. तोफखान्याची खिडकी दोनशे वर्षांनंतरही उघडी आहे, हे आम्ही तक्रार म्हणून नव्हे, नवल म्हणून नोंदवितो.

त्या बंदीच्या काळानेच "तुमच्यात चालतं" या वाक्याला चेहरा दिला. मुंबईत चोरट्या दारूचे अड्डे उघडले आणि "आंटीचा अड्डा" हा शब्द रूढ झाला. चित्रपटांनी तो उचलला. झगा घातलेली आंटी आणि झिंगलेला डिसोजा यांवर एका पिढीला हसविले गेले. त्या अड्ड्यांवर आपल्या समाजातील स्त्रिया नव्हत्या असे आम्ही म्हणणार नाही, होत्या. पोटासाठी हा मार्ग धरावा लागलेल्या बाईचे हसे झाले, आणि तिच्याकडे येणारे सर्व धर्मांचे गिऱ्हाईक अंधारातच राहिले. आपल्या वेदीवरूनही तिच्याविषयी कणवेचे शब्द फारसे निघाले नाहीत, हेही लिहिले पाहिजे.

वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंदी सैल झाली, कायदा मात्र राहिला. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले आहे. या राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतील किती जणांस ठाऊक असेल? वयाचा हिशेबही गमतीचा आहे. बिअरसाठी २१ वर्षे पुरी हवीत, जहाल दारूसाठी २५. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये बंदुकीच्या परवान्यासाठी २१. म्हणजे चार वर्षे तरुणाच्या हाती बंदूक चालेल, पेला नाही! २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. बंदुकीची मोजदाद होऊ शकते, पेल्याची होत नाही.

महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ठरविले, तेव्हा आमच्याकडे अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. जुलै २०१७ मध्ये महापालिका हद्दीतील परवान्यांना ते लागू नाही असा खुलासा झाला. १९९७ मध्ये शहरात आल्याचा आनंद अशा रीतीने थोडा उणा झाला. उरला तो उभ्या-आडव्या बाटलीचा मार्ग. प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या बाजूने मत दिले तर दुकान बंद होते. पेशव्यांपासून आजवरच्या कायद्यांत घरातील बाईला कोणी विचारल्याचे हेच काय ते उदाहरण आम्हांस ठाऊक आहे, आणि येथे तिची जात वा धर्म विचारीत नाहीत.

हे सारे आम्ही त्या शेजाऱ्यांना एका संध्याकाळी सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "पण नाताळात तुमच्याकडे वाइन घरीच करतात ना? त्याला परवाना असतो?"

नसतो. विनापरवाना मद्य तयार करणे हा या कायद्याने गुन्हा आहे, मग ते बरणीभर का असेना. मिस्साच्या द्राक्षारसाला असलेली मुभा स्वयंपाकघरातील बरणीपर्यंत पोहोचत नाही. काळी द्राक्षे, साखर, यीस्ट, चिमूटभर गहू आणि दालचिनी घालून आजीने शिकविलेली ती वाइन आमच्या घरी दर वर्षी होत आली आहे. गोलंदाजांप्रमाणेच स्वतःपुरती, विकावयाची नाही. पण गोलंदाजांपाशी निदान सरकारचा हुकूम होता. यंदा द्राक्षे आणावीत की नाहीत, यावर आमच्या घरी अद्याप एकमत झालेले नाही.