बोरिवलीच्या उद्यानातले धबधबे पावसाळ्यानंतर कुठे जातात?

चर्नी रोड किंवा दादरहून बोरिवली लोकल पकडली की स्टेशनच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाळ्यात कान्हेरी लेण्यांच्या परिसरात धबधबे कोसळतात. मार्चमध्ये गेलात, तर तिथे कोरडा कातळ दिसतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या ऑग्रबीज राष्ट्रीय उद्यानात नेमकं उलटं घडतं. तिथे पाऊस फारच कमी, तरीही सुमारे ५६ मीटरचा धबधबा आहे. कारण ऑरेंज नदी दूरच्या लेसोथोतल्या डोंगरांतून पाणी आणते. बोरिवलीतले ओढे मात्र उद्यानातच उगम पावतात. पाऊस थांबला की त्यांचं पाणी आटत जातं.

म्हणूनच इथे पाणी साठवावं लागलं. कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनी लेण्यांलगत कातळात टाकी खोदली. पुढे शहराची तहान भागवण्यासाठी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले गेले. ते आजही मुंबईला पाणी देतात.

धबधबा पाहायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये जावं. सोमवारी उद्यान बंद असतं. जोराच्या सरीनंतर ओढा काही मिनिटांत फुगतो, त्यामुळे पाण्यात न उतरता तो लांबूनच पाहावा.