वणव्याचा कायदा आणि राबाचा विस्तव

फेब्रुवारी लागला की आंबेनळी आणि वरंध घाटाच्या अंगाला रात्री डोंगरावर लाल रेघ दिसायला लागते. लगेच ग्रुपवर व्हिडिओ फिरतात आणि खाली ठरलेला प्रश्न येतो, "याला काही कायदा नाही का?" आहे ना. दीडशे वर्षांच्या घरातला आहे. फक्त तो कुणासाठी केला होता, ते एकदा बघायला हवं.

आपल्याकडची जुनी आग म्हणजे राब. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर ऐनाचा वगैरे कवळ, वर पातेरा आणि गवत, सगळ्यात वर बारीक माती. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे भडका न होता धग सावकाश खाली उतरते. तणाचं बी मरतं, राख मुरते. कडेला माणसं हिरवा टहाळा घेऊन उभी. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण राब सोडून कुणी घरी जात नसे.

१८७८ चा वन कायदा आला आणि डोंगर राखीव व्हायला लागले. राखीव जंगलात विस्तव गुन्हा ठरला. कवळ आणायचा कुठून? ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आपला रायगड, नाव १९८१ मध्ये बदललं) जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये कमिशन नेमावं लागलं. राबाचा वाद त्यात ठळक होता. शेतकरी म्हणत, राबाशिवाय रोप धरत नाही. जंगलखातं म्हणे, झाडं ओरबाडली जातात. मला दोघांचंही खरं वाटतं. पण कायद्याने ऐकलं एकाचंच.

पुढे १९२७ चा भारतीय वन कायदा आला, तोच आजही चालतो. (त्याच वर्षी २५ डिसेंबरला आपल्या महाडात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. महाडची जगाला माहीत असलेली आग ती. तिच्याबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल.) या कायद्याचं कलम २६ नीट वाचा. राखीव वनात आग लावली तर मूळ शिक्षा सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. १९२७ चे पाचशे रुपये! शिवाय आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार त्या भागातली चराई आणि वनोपजाचे हक्क बंद ठेवू शकतं. काडी एकाने ओढायची आणि गुरं सगळ्या गावाची उपाशी. कलम ७९ म्हणतं, ज्याला जंगलात हक्क आहेत त्याने आग विझवायला मदत केलीच पाहिजे. हक्क काढून घेतल्यावर कोण धावेल, हे लिहायचं राहिलं.

आणि ही सगळी कलमं राखीव किंवा संरक्षित वनाची. आपल्याकडचे कितीतरी डोंगर मालकीचे आहेत. तिथे आगीने नुकसान केल्याचा फौजदारी गुन्हा लागतो, पण त्यासाठी आधी माणूस सापडायला हवा आणि त्याचा हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हायला हवी. रात्री दोन वाजता डोंगरावर साक्षीदार कोण?

कचऱ्याचं थोडक्यात: २०१६ च्या नियमांनी तो जाळायला बंदी केली, आणि त्याच डिसेंबरात हरित लवादाने उघड्यावर जाळणाऱ्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये दंड सांगितला. बाजारपेठेमागे रोज प्लास्टिक पेटवणाऱ्यांनी आकडे लक्षात ठेवा.

राब आता तसाही कमी होतोय. चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख चालते, आणि नेरळच्या सगुणा बागेतल्या एसआरटी पद्धतीत तर रोप काढून लावायचं कामच नाही. तरी वणवे आहेतच. कारण काडी टाकणारा उरलाय, टहाळा घेऊन उभा राहणारा मुंबईला गेलाय. पोलादपूरच्या वाड्यांत जाऊन बघा, गोठ्याजवळची पेंढ्याची उडवी वाचवायला म्हातारी माणसं धावतात.

वनखातं आपल्या हद्दीत जाळरेषा काढतं. म्हणजे आगीच्या दिवसांआधी गवताचा पट्टा स्वतःच जाळून मोकळा करतं, आपल्या राबवाल्यांसारखंच माणसं उभी करून. मालकीच्या डोंगरावर ती गावालाच काढावी लागणार. शिमग्याला चाकरमानी येईपर्यंत थांबलात तर गवत कडकडीत झालेलं असतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्या: पट्टा कुठून कुठवर, कोणत्या दिवशी, आणि कडेला कोण उभं राहणार, नावांसकट.