कुदळ आणि काटा

नियमाने व्यायाम करूनही वजनकाटा हलत नाही, ही खंत अलिबागच्या किनाऱ्यावर पहाटे फिरणाऱ्यांच्या तोंडून आम्ही नेहमी ऐकतो. याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा काटा व्यायामाने चक्क वर चढला होता. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे १९३८ मध्ये इतके खंगले, की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोंवर आले. गांधीजींना काळजी वाटू लागली. विनोबा धाम नदीकाठी पवनारला, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला गेले आणि विश्रांतीबरोबर त्यांनी शेत खणणे आरंभिले. पहिल्या दिवशी पाच मिनिटे. पुढे रोज थोडी भर. सुमारे दहा महिन्यांत वजन १२८ पौंड!

खंगलेल्या देहात श्रमाने आणि अन्नाने मांस भरते. सुखवस्तू देहात तेच श्रम मेद झिजवतात, स्नायू भरतात, शिवाय भूकही चाळवतात (किनाऱ्यावरून परतताना मिसळ आडवी येतेच). काटा बिचारा या साऱ्याची निव्वळ बेरीज सांगतो. त्यावरून व्यायाम वाया गेला म्हणणे आम्हांस घाईचे वाटते. पवनारला सावरलेल्या त्याच देहाने, पंचावन्न वर्षांचा असताना, १९५१ साली भूदानाची पदयात्रा सुरू केली.