बाबागाडी आणि जोगेश्वरीची वाट

लहान मुलाला घराबाहेर कसे न्यायचे, हे कुटुंबाच्या ऐपतीइतकेच दारापुढच्या वाटेनेही ठरत आले आहे, आणि मुंबईतल्या जोगेश्वरीत तर वाटेचेच अधिक चालले. सहाव्या शतकात कोरलेल्या येथील लेण्यांत देवीच्या दर्शनाला जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. पूर्वेकडच्या चढ-उताराच्या अरुंद गल्ल्यांत आणि लोकलच्या गर्दीत चाकांचा उपयोग नव्हता, म्हणून मूल आईच्या कडेवर किंवा बापाच्या खांद्यावरच राहिले. चाके होती ती पांगुळगाड्याला; परंतु ही तीन चाकांची लाकडी चौकट मुलाने स्वतः ढकलत पाऊल टाकायला शिकावे यासाठी असे, त्याला वाहून नेण्यासाठी नव्हे.

बाबागाडी, म्हणजे मुलाला निजवून वा बसवून मोठ्या माणसाने ढकलायची गाडी, मुंबईत दिसू लागली ती साहेबांच्या नि धनिकांच्या घरी, आयांच्या हाती. सपाट रस्ता, मोकळा व्हरांडा आणि नोकरमाणूस या तिन्ही गोष्टी तिने गृहीत धरल्या होत्या. तिचे रूप पालटले ते ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमानतंत्रज्ञामुळे. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या या माणसाने, जड गाडीसह प्रवास करताना आपल्या मुलीची होणारी दमछाक पाहून, १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणे मिटणारी गाडी आखली; तिचे वजन तीन किलोंहूनही कमी होते. जिना चढणाऱ्या आईला एका हाती मूल आणि दुसऱ्या हाती गाडी धरता येणे, हा या शोधाचा खरा अर्थ होय.

अलीकडची ‘ट्रॅव्हल सिस्टीम’ मात्र मोटार डोळ्यांपुढे ठेवून घडली: तिच्यात तान्ह्याचे सुरक्षा आसन मोटारीतून काढून तसेच चाकांच्या सांगाड्यावर बसवता येते. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांसाठी पट्टा किंवा बालआसन सक्तीचे केले, त्यामुळे मोटार बाळगणाऱ्या कुटुंबाने त्या आसनावर खर्च करणे योग्यच आहे. रिक्षात मात्र ते जखडण्याची सोय नसते. जानेवारी २०२३ पासून जोगेश्वरी पूर्वेला मेट्रो स्थानक आणि त्याची लिफ्ट लाभली, तरी लिफ्टपर्यंतचा पदपथ सलग नाही. म्हणून येथे वजन आणि घडी आधी पाहावी लागते, आणि मान न धरलेल्या बाळासाठी गाडीची पाठ सपाट होते की नाही, हे त्याहूनही आधी.